वडीलधाऱ्यांची हरकत

दिनांक ६ जानेवारी

चिरंजीव भाचीस, म्हणजेच माननीय न्यायाधीशबाईंस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुला 'तू' लिहावे की 'आपण', या विचारात हे पत्र लांबले. मी जन्मभर न्यायालयात चोपदार होतो. हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन न्यायाधीशांच्या पुढे चाललो, "बाजूला व्हा, साहेब येत आहेत" अशी ललकारी दिली आणि त्यांच्यापैकी एकालाही कधी एकेरी संबोधले नाही. परंतु तुझी मामी म्हणाली, "तिचं नाक पुसलंय तुम्ही. आता 'आपण' म्हणालात तर ती घाबरेल, घरी कोणी आजारी आहे की काय म्हणून." तेव्हा 'तू' लिहितो. त्यात अनादर नाही, याची नोंद घ्यावी.

पत्रास कारण की, काल वर्तमानपत्रात तुझे छायाचित्र पाहिले. एक नव्हे, पानभर. उद्यान समितीत तू, उपाहारगृह समितीत तू, पडदे व गालिचे समितीत तू, तैलचित्र समितीत तू, आणि निरोप समारंभ समितीत तर तू अगदी मधोमध उभी. खाली छापले होते की, न्यायालयाच्या प्रत्येक समितीवर आता स्त्रियांना स्थान मिळाले आहे. ऊर भरून आला. मामीने चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, "या सगळ्या बायका एकाच चेहऱ्याच्या कशा हो?"

तिला समजावणे माझ्या कुवतीबाहेरचे आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु दालनाच्या दाराशी उभा राहून मी एक गोष्ट नीट शिकलो. जे न्यायाधीश दिवसभर खटले ऐकत बसतात, ते म्हातारे होतात. जे समित्यांवर जातात, ते मोठे होतात. आमचे एक साहेब जिन्याच्या कठड्याला कोणता रंग द्यावा, या समितीवरून थेट वरिष्ठ न्यायालयात गेले. तेव्हा मिळेल ती समिती पदरात पाडून घे. आपल्या घराण्यात न्यायदालनात बसायला खुर्ची मिळालेली तू पहिलीच. मी होतो, पण उभा होतो.

तुझा मामा
(निवृत्त चोपदार)


दिनांक १९ जानेवारी

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार. 'तू' लिहिलेत ते फार बरे केलेत. इथे मला सगळे 'मॅडमसाहेब' म्हणतात. बाई म्हणून एक शब्द, न्यायाधीश म्हणून दुसरा; कोणाचाच अपमान नको.

मामीला सांगा, तिचे डोळे ठणठणीत आहेत. चेहरा एकच आहे, कारण बाई एकच आहे. आमच्या मुख्य न्यायाधीशांनी, ज्यांना सगळे थोरले साहेब म्हणतात, मागच्या वर्षी नियम केला की, प्रत्येक समितीवर निदान एक स्त्री न्यायाधीश असलीच पाहिजे आणि ती हजर नसेल तर सभा बेकायदा. नियम फार गाजला. साहेबांचा दोन ठिकाणी सत्कार झाला. तेव्हा आम्ही दोघी होतो. दुसऱ्या बाई डिसेंबरात निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणाला घ्यावे हे ठरवायला एक समिती नेमली आहे. तिच्यावरही मीच आहे. तिची सभा अजून झालेली नाही, कारण त्या वेळी मी पडद्यांच्या सभेत असते.

मागच्या आठवड्याची ती पडद्यांची सभा ऐका. रंग कोणता, असे विचारून सगळे साहेब माझ्याकडे बघू लागले. मी म्हटले, "मला पडद्यातलं काही कळत नाही." एक साहेब हसून म्हणाले, "असं कसं, मॅडमसाहेब? घरी पडदे कोण निवडतं?" मी म्हटले, "घरी पडदे नाहीत." सभेच्या वृत्तान्तात नोंद झाली की, महिला सदस्यांनी पडद्यांना तत्त्वतः विरोध केला.

हे सगळे मी हसण्यावारी नेले असते. पण माझ्यापुढे एक खटला आहे. हॉस्पिटलांचे कपडे धुण्याचा एक कारखाना. तिथला वाफेचा बॉयलर फुटला आणि कामावरच्या बायका भाजल्या. दोघी गेल्या. वाफ वाया जाऊ नये म्हणून मालकाने बॉयलरची झडप तारेने बांधून टाकली होती, असे त्या बायकांचे म्हणणे. चार वर्षे खटला चालू आहे. सगळ्या साक्षी मी ऐकल्या, भाजलेले हात मी पाहिले. आता उरले आहेत शेवटचे युक्तिवाद आणि निकाल. पण सुनावणीच्या दिवशी नेमकी कसली तरी सभा लागते, आणि मी गेले नाही तर ती बेकायदा. त्या बायका लांबून येतात, बाहेरच्या बाकावर बसतात आणि नवी तारीख घेऊन परत जातात. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं.

समित्यांतून मोकळे करा, असा अर्ज मी थोरल्या साहेबांकडे तीनदा केला. तिन्ही विचाराधीन आहेत. मामा, मला दुसरे काही नको. हा एक निकाल माझ्या हातून व्हायला हवा. खटला दुसऱ्याकडे गेला, तर त्या बायकांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागेल.

मन मोकळे करायला लिहिले. तुम्ही काही करू नका.

तुमची
तंटाबाई


दिनांक २ फेब्रुवारी

चिरंजीव न्यायाधीशबाईंस,

आशीर्वाद. लहानपणी तू उठल्यासुटल्या भांडायचीस, म्हणून मी तुला तंटाबाई म्हणत असे. ते नाव आता सहीत लिहीत जाऊ नकोस. पत्र कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

"तुम्ही काही करू नका" हे वाक्य मी दोनदा वाचले. झाडावर अडकली होतीस, तेव्हाही तू असेच ओरडली होतीस, आणि शेवटी शिडी मीच आणली. तुझे दुखणे मला कळले आहे. एकीकडे एवढा मानमरातब आणि दुसरीकडे दिवसभर खटल्यांचा घाणा. त्यातही खटला कशाचा, तर धुण्याचा! न्यायाधीशापुढे जमिनीचा, वारशाचा, फार तर बँकेचा खटला शोभतो. वाफ, साबण आणि भाजलेले हात तुझ्या माथी मारले, हे मला मुळीच रुचले नाही. तू सोशिक म्हणून बोलत नाहीस, इतकेच.

तेव्हा घरचा वडीलधारा या नात्याने मी योग्य ठिकाणी योग्य भाषेत शब्द टाकला आहे. अधिक लिहीत नाही. निर्णय तुझ्या हाती पडेल तेव्हा तुला मामाची आठवण येईल.

मामीने विचारले, "तिनं मागितलं काय होतं?" मी म्हणालो, "न मागता देतो, तो वडीलधारा." ती म्हणाली, "आणि नको ते देतो, तो कोण?"

तुझा मामा


दिनांक १६ फेब्रुवारी

मामा,

आज सकाळी आमचे प्रबंधक, म्हणजे न्यायालयाच्या कचेरीचे मुख्य अधिकारी, फुलांचा गुच्छ घेऊन माझ्या दालनात आले. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

"अभिनंदन, मॅडमसाहेब. थोरल्या साहेबांनी तुमच्या घरच्यांची विनंती मान्य केली."

"माझ्या घरच्यांची? कसली विनंती?"

"वडीलधाऱ्यांचं पत्र आलं होतं ना! काय सुरेख अक्षर! साहेबांनी वाचलं आणि त्याच बैठकीत सही केली. म्हणाले, अशी घराणी आता राहिली नाहीत."

आदेश असा आहे: कुटुंबातील आदरणीय वडीलधाऱ्यांची इच्छा लक्षात घेऊन मला पंधरा मार्चपासून खटल्यांच्या कामातून मोकळे करण्यात येत आहे, जेणेकरून समित्यांच्या कामाला मी पूर्ण वेळ देऊ शकेन. बॉयलरचा खटला डुलकीसाहेबांकडे जाईल. त्यांचे खरे नाव वेगळे आहे, पण दुपारच्या सत्रात त्यांच्यापुढे उभे राहिलेले वकील त्यांना याच नावाने ओळखतात.

माझे तीन अर्ज चार महिने विचाराधीन. तुमचे एक पत्र, आणि त्याच बैठकीत सही. मामा, तुम्ही त्या न्यायालयात ना वकील, ना पक्षकार, ना साक्षीदार. मी न्यायाधीश आहे. दोन माणसे भांडत आली तर दोघांचे ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे शिकवणाऱ्या इमारतीत माझ्याविषयीचा निर्णय मला सोडून झाला.

दुपारी त्या बायका तारखेला आल्या होत्या. मी त्यांना खटला दुसऱ्यांकडे जाणार असल्याचे सांगितले. त्यांच्यात एक इस्त्रीवाली आहे. तिने विचारले, "नवे साहेब पुन्हा हात बघायला मागतील का, बाई?"

मी म्हटले, "मागतील."

तिने हात उलटासुलटा करून स्वतःच पाहिला. म्हणाली, "आता बरा झालाय हो तो. तेव्हा कसा होता, ते तुम्हीच बघितलंय."

तुम्ही पत्रात काय लिहिले होते, ते मला शब्दशः कळवा.

तुमची भाची


दिनांक २८ फेब्रुवारी

चिरंजीव भाचीस,

तू शब्दशः विचारलेस, म्हणून शब्दशः लिहितो. "आमची कन्या स्वभावाने सोशिक व लाजरी असल्यामुळे स्वतःहून काही मागणार नाही. तरी तिला खटल्यांच्या जाचातून सोडवून समित्यांच्या मानाच्या कामास पूर्णपणे वाहून घेऊ द्यावे, ही नम्र विनंती."

मामीला हे वाचून दाखवले. "सोशिक" या शब्दापाशी तिला ठसका लागला. "लाजरी" ऐकल्यावर ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सभ्य पत्रात असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून मी लिहिले होते. पत्रातला प्रत्येक शब्द शुद्ध होता. हेतूही शुद्ध होता. फक्त ते पत्र लिहायला नको होते.

तुझे पत्र आल्यापासून मामीने माझ्याशी अबोला धरला. मग तो सोडला, आणि अबोला बरा होता असे मला वाटले. म्हणाली, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुम्ही जन्मभर चढलात. उतरल्यावर तरी शहाणं व्हायचं!"

मी त्याच दिवशी दुसरे पत्र पाठवले. पहिल्या पत्रातील विनंती मी मागे घेत आहे, माझ्या भाचीला खटलेच हवे आहेत, समित्यांना आमच्या घराची हरकत आहे, असे स्पष्ट लिहिले. उलट टपाली उत्तर आले. त्याच प्रबंधकांची सही. "न्यायाधीशांच्या नातेवाइकांकडून आलेल्या पत्रांची दखल घेण्याचा या न्यायालयाचा प्रघात नाही. यापुढे अंतर्गत कामकाजात हस्तक्षेप करू नये."

पहिल्या पत्राच्या वेळी मी आदरणीय वडीलधारा होतो. दुसऱ्या पत्राच्या वेळी नातेवाईक झालो. मधल्या काळात तुझे-माझे नाते बदललेले नाही, इतके मला ठाऊक आहे. म्हणजे त्यांना जे हवे होते ते मी मागितले, तेव्हा माझ्या शब्दाला वजन आले. तुला जे हवे ते मागितले, तेव्हा तो हस्तक्षेप झाला. वजन माझ्या शब्दाचे नव्हतेच. हे मला या वयात कळले आणि ते मला फार लागले.

मी न्यायाधीशांच्या पुढे चालत असे, ते वाट मोकळी करण्यासाठी. तुझ्यापुढे चाललो आणि वाट अडवून बसलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय! आता तू सांगशील ते करीन. न सांगता बोटही हलवणार नाही.

मामा


दिनांक ९ मार्च

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. राग गेला. तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि तिसऱ्या वेळी त्यातले एक वाक्य मला कायद्याच्या पुस्तकासारखे उपयोगी पडले: "समित्यांना आमच्या घराची हरकत आहे."

पाच तारखेला उपाहारगृह समितीची सभा होती. मी गेले नाही. प्रबंधकांना लेखी कळवले की, ज्याअर्थी माझ्या कामाबाबत कुटुंबातील वडीलधाऱ्यांची इच्छा या न्यायालयाने आपल्या आदेशात निर्णायक मानली आहे, आणि ज्याअर्थी वडीलधाऱ्यांनी आता समित्यांना हरकत घेतली आहे, त्याअर्थी मला सभांना येता येणार नाही.

प्रबंधक धावत आले. "मॅडमसाहेब, असं कसं चालेल? तुमच्याशिवाय सभा बेकायदा!"

"मग माझ्या घरच्यांना विचारा."

"पण तुम्ही न्यायाधीश आहात! तुम्हीच ठरवा ना!"

"मी कशी ठरवणार? मी सोशिक आणि लाजरी."

तेव्हापासून एकही सभा झालेली नाही. उपाहारगृहात कप फुटले आहेत, नवे घेण्यास मान्यता नाही. खिडक्यांचे जुने पडदे काढले, नवे लागले नाहीत. साहेबलोक डोळ्यांवर हात धरून निकाल वाचतात. काल महिला दिन होता. त्याचा समारंभ रद्द झाला, कारण तो ठरवणाऱ्या समितीतल्या एकमेव महिलेला घरून परवानगी नव्हती. दारावर तशी सूचना लागली होती. लोक थांबून थांबून वाचत होते.

आणि खरी गोम पुढे आहे. थोरले साहेब एप्रिलअखेर निवृत्त होतात. मोठ्या दालनात आजवरच्या सगळ्या मुख्य न्यायाधीशांची तैलचित्रे आहेत. यांचेही तयार आहे, चौकटीसकट. पण तैलचित्र समितीच्या मान्यतेशिवाय ते भिंतीवर चढत नाही, आणि त्या समितीवर बाई लागते, असा त्यांचाच नियम. चित्र सध्या त्यांच्या दालनात भिंतीकडे तोंड करून उभे आहे.

आता तुमचे काम. कोणी विचारायला आले, तर हरकत आहे, एवढेच सांगा. मला या सगळ्याचे हसू येते, मामा, आणि लाजही वाटते. कायद्याच्या घरात माझे म्हणणे माझे म्हणून ऐकले जाईना, म्हणून मला मामाच्या मनाईचा आडोसा घ्यावा लागला. पण पंधरा तारीख आठवड्यावर आली आहे, आणि तो हात रोज थोडा थोडा बरा होतो आहे. तुम्ही रागावू नका, भाषण करू नका, आणि कृपा करून काही लिहू नका.

तुमची
तंटाबाई (आता हेच नाव बरे)


दिनांक १२ मार्च

चिरंजीव तंटाबाईस,

आशीर्वाद. काल सकाळी आमच्या दारात काळी मोटार थांबली. मागे थोरले साहेब, पुढे प्रबंधक, प्रबंधकांच्या मांडीवर गुच्छ. आमची दोन खोल्यांची जागा, जिना अरुंद. साहेब आत आले आणि मी सवयीने भिंतीला लागून उभा राहिलो. मामीने माझा सदरा मागून ओढला आणि मला खुर्चीत बसवले.

साहेब गोड बोलणारे आहेत. म्हणाले, "आजोबा, तुमची भाची म्हणजे आमच्या न्यायालयाची शान आहे. तिच्याशिवाय आमचं पानही हलत नाही."

मामी म्हणाली, "हो, ऐकलंय. कपसुद्धा हलत नाहीत."

साहेब हसले. "तुम्ही वडीलधारी माणसं. तुम्ही एक शब्द टाकलात, तर ती ऐकेल."

मी म्हणालो, "साहेब, नातेवाइकांच्या शब्दाची दखल घेण्याचा प्रघात नाही, असे मला आपल्याच कचेरीने लेखी कळवले आहे."

साहेबांनी प्रबंधकांकडे पाहिले. प्रबंधकांनी गुच्छाकडे पाहिले.

"ती कारकुनी चूक," साहेब म्हणाले. "तुमचं दुसरं पत्र माझ्यापर्यंत आलंच नाही."

"पहिलं बरं आलं!" मामी म्हणाली. "त्याला वाट माहीत होती वाटतं."

"आजी, आम्ही जे केलं, ते तिच्या भल्यासाठीच केलं हो."

"तिला विचारलंत?"

साहेब म्हणाले, "तिचे अर्ज आहेत तसे. पण एकदा घरच्यांचं मत कळल्यावर…"

तू भाषण करू नकोस म्हणाली होतीस. मी केले नाही. फक्त इतके बोललो: "साहेब, मी जन्मभर न्यायाधीशांच्या पुढे चाललो, तो दालनाच्या दारापर्यंत. दाराच्या आत काय ठरावे, हे माझे काम नव्हते. परवा मी दाराच्या आत पाऊल टाकले. ते चुकले. आपण मला आत घेतलेत, हेही चुकले. माझी हरकत आहे. ती ठेवायची की सोडायची, हे तिला विचारा. मला विचारू नका."

"पण ती काय मागेल?" साहेबांनी अगदी खालच्या आवाजात विचारले.

मामीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. म्हणाली, "तीन वेळा लिहून दिलंय तिनं. वाचून तरी बघा. तिचंही अक्षर सुरेख आहे."

साहेबांनी चहा संपवला. निघताना साहेब दाराशी क्षणभर थांबले. मला कळले, ते कशासाठी थांबले. मी पुढे होऊन वाट दाखवीन, असे त्यांना वाटले. माझे पायही उचलले गेले होते. मी ते खाली ठेवले. साहेब जिना एकटेच उतरले.

गुच्छ विसरून गेले. मामीने तो शेजारच्या मुलीला दिला. ती यंदा वकिलीच्या परीक्षेला बसते आहे.

मामा


दिनांक ३ एप्रिल

तीर्थरूप मामांस आणि मामीस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण निकालपत्र लिहीत होते.

थोरल्या साहेबांनी तेरा तारखेला मला बोलावले. टेबलावर माझे तिन्ही अर्ज होते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "तुम्हाला काय हवं आहे?" इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला. तो जरा ऐकत राहावासा वाटला.

मग म्हटले, "आदेश मागे घ्या. बॉयलरचा खटला निकालापर्यंत माझ्याकडे ठेवा. आणि समित्यांचं काम इतरांच्या वाट्याला येतं, तेवढंच माझ्या वाट्याला द्या."

"मग नियमाचं काय? प्रत्येक समितीवर बाई हवी!"

"नेमा."

"आणू कुठून?"

"रिकामी जागा भरण्याची समिती आहे ना. तिची सभा लावा, मी येते. पहिली ती, मग तुमचं चित्र."

त्याच दिवशी आदेश मागे घेतला गेला. जागा भरण्याची सभा अठराला झाली. अर्ज केलेल्या वकीलबायकांची संख्या ऐकून एक साहेब म्हणाले, "अरेच्चा, एवढ्या आहेत?" दोघींची नावे पुढे गेली आहेत. त्यांतल्या एकीविषयी दुसरे साहेब म्हणाले, "हुशार आहे, पण फार भांडते." मी म्हटले, "वकील आहे ती. गुपचूप बसून खटला कसा जिंकणार?" मग तैलचित्राची सभा झाली. मी मान्यता दिली. चित्र चांगले आहे. त्यात साहेब लक्ष देऊन ऐकत असल्यासारखे दिसतात. चित्रकार फार कल्पक आहे.

आता खटला. शेवटच्या युक्तिवादात मालकाचे वकील उठले आणि म्हणाले, "समोरचे पक्षकार स्त्रिया आहेत आणि न्यायासनावरही स्त्री आहे. तरी न्यायालयाने भावनेच्या आहारी जाऊ नये."

मी विचारले, "तुमच्या अशिलावर याआधी दोन खटले झाले. दोन्ही वेळा न्यायासनावर पुरुष होते आणि तुमचा अशीलही पुरुषच होता. तेव्हा तुम्ही न्यायालयाला असं सावध केलं होतंत का?"

ते म्हणाले, "तशी गरज वाटली नाही."

मी म्हटले, "आजही वाटू देऊ नका. बसा."

काल निकाल दिला. झडप तारेने बांधलेली होती, हे सिद्ध झाले. मालक दोषी ठरला; शिक्षा आणि भरपाई, दोन्ही. हात कसा होता, ते मी निकालपत्रात लिहिले आहे, जसा पाहिला तसा. आता तो कितीही बरा झाला तरी हरकत नाही.

वाचून झाल्यावर बायका लगेच उठल्या नाहीत. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी रडले नाही. दालन रिकामे होऊ लागले, तेव्हा ती इस्त्रीवाली पुढे आली.

"आता हे कोणी बदलणार नाही ना, बाई?"

खोटे बोलता येईना. म्हटले, "मालक वरच्या न्यायालयात अपील करेल. तिथं पुन्हा तपासतील."

"तिथं कोण बसतं?"

"नऊ साहेब आहेत."

"आणि बायका?"

"एकही नाही."

मागे वळून तिने बाकीच्यांना ते सांगितले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही का नाही बसत तिथं?"

"त्यासाठी अर्ज करावा लागतो. मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. बहुतेक वेळा नाहीच म्हणतात."

"एवढंच ना?" ती म्हणाली. तिच्या मागच्या बायका हसल्या. त्या हसताना मी पहिल्यांदाच पाहिल्या. "अर्ज करायचा, वाट बघायची आणि नाही म्हटलं तर पुन्हा यायचं. ते आम्ही शिकवतो तुम्हाला."

मी परत खुर्चीत बसले, कागद पुढे ओढला, आणि त्या दारात उभ्या असतानाच अर्ज लिहिला.

तुमची भाची